दहा वर्षांखालच्या पोरांच्या बेसबॉलमध्ये स्टीलिंग हवं का?

कृष्णाकाठ_सांगली
आपल्याकडं रविवारी सकाळी आठ ते दहा वर्षांच्या पोरांचे सामने होतात, त्यात यंदा बेस स्टील करायला, म्हणजे बॅटरनं बॉल मारलेला नसतानाच पुढच्या बेसवर पळायला, मोकळीक दिलीय. माझं स्पष्ट मत आहे, बंद करा. बॅटर वॉकवर (चार खराब बॉल पडले की फुकट मिळणारा बेस) फर्स्टला जातो, पुढच्या बॉलला सेकंड, त्याच्या पुढच्याला थर्ड, मग एखादा बॉल कॅचरच्या (बॅटरच्या मागं बसून बॉल पकडणाऱ्याच्या) ग्लोव्हमधून सुटून जाळीपर्यंत जातो की पोरगं होमला. रन झाला, बॅटला बॉल लागलाच नाही! फिल्डिंगवाली पोरं नुसती उभी, लेफ्ट फिल्डला एक जण गवत उपटत बसलेला. आणि तो कॅचर, मास्क डोळ्यावर आलेला, पॅड ढोपरावरनं घसरलेलं, बॉल सापडेपर्यंत रनर पोचलेला आणि बाहेरनं मोठी माणसं "अरे फेक की, फेक की" ओरडतायत. दोन बेसमध्ये ६० फूट असलेल्या पोरांच्या डायमंडवर (बेसच्या चौकोनावर) सुद्धा होम ते सेकंड जवळपास ८५ फूट होतं, नऊ वर्षांच्या पोरानं तेवढं सरळ फेकायचं कसं सांगा.

खोखोवाला_मिरज
दादा, नाही पटलं. आपल्या भागातली पोरं पायानं चपळ, खो-खोत एवढंएवढंसं पोरगं पाठलागवाल्याला हुलकावणी देतं तेव्हा आपणच टाळ्या वाजवतो की नाही? ज्याला बॅटिंग जमत नाही त्याला तेवढंच करून दाखवायला मिळतं, तेही काढून घ्यायचं? आणि कॅचरनं कधीच फेकलं नाही तर तो शिकणार कधी, बारा वर्षांचा झाल्यावर? अमेरिकेतल्या मोठ्या लीगमधल्या रिकी हेंडरसननं १९८२ साली एका सीझनमध्ये १३० बेस स्टील केले, लोक त्याचं पळणं बघायला यायचे.

कृष्णाकाठ_सांगली
अहो, हेंडरसनसमोरचा कॅचर मोठ्यांच्या मैदानावर होम ते सेकंड १२७ फूट फेकणारा मोठा माणूस होता. आऊट व्हायची भीती होती म्हणून त्या पळण्याला किंमत. इथं कुणी आऊटच होत नाही, मग त्यात चपळाई कसली?

पीटी_मॅडम_विटा
मी शाळेत मुलींचं सॉफ्टबॉल घेते. तुमच्याकडे पिचरचा (बॉल टाकणाऱ्याचा) हात हलला की पोरं सुटतात, खरी गडबड तिथं आहे. अमेरिकेत लिटल लीगमध्ये (लहान पोरांच्या बेसबॉल लीगमध्ये) बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना बॉल बॅटरपाशी पोचेपर्यंत बेस सोडताच येत नाही, आणि पुढच्या बेसवर डोकं पुढं करून स्लाईड मारली तर आऊट. एवढं पाळा, एका पिचला एकच बेस ठेवा, आणि होम स्टील बंद करा. कॅचरला निदान उठून फेकायला वेळ तरी मिळेल.

खोखोवाला_मिरज
मॅडम, पहिलं मान्य, एका बेसचंही मान्य. पण बॉल जाळीत पडलाय आणि थर्डवरच्यानं नुसतं बघत राहायचं? तिथं पळायचं नाही हे पोराला काय म्हणून सांगू?

कृष्णाकाठ_सांगली
सांगायचं, की होमला यायला तुझ्या टीममधल्यानं बॉल मारायला पाहिजे. मग बॅटर पण वॉकची वाट बघत खांद्यावर बॅट टाकून उभा राहणार नाही. मॅडमचे सगळे नियम लावून पुढच्या रविवारी खेळवूया, माझी तयारी आहे. फक्त थ्रो चुकला म्हणून कॅचरवर ओरडणाऱ्या पालकाला मैदानाबाहेर काढायचं, हे पण नियमात लिहा.