लोभ, हाव की हव्यास?

माडवन : मच्छीमार सोसायटीसाठी एक पत्रक मराठीत करतोय, विषय बारीक आसाची (म्हणजे बारीक भोकांची) जाळी. मूळ इंग्रजीत 'ग्रीड' होतं, मी 'मानवी लोभामुळे मासा संपतोय' लिहिलं. वाचून दाखवलं तर एक तांडेल (होडीचे प्रमुख) म्हणाले, "लोभ? ता पत्रात लिवतत ना, लोभ असावा?" आता काय लिहू?

सड्यावरचा : तांडेलांचं चुकलं नाही. 'लुभ्' धातूत ओढही आहे आणि हावही. इंग्रजी 'लव्ह', जर्मन 'लीब' ही त्याचीच भावंडं.

आबोली : म्हणून लोभ टाकून द्यायचा? गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध, लोभ ही नरकाची तीन दारं आहेत. ते वाचून कुणाला 'कळावे, लोभ असावा' आठवत नाही. उद्या षड्रिपूंवर बंदरात मतदान घ्या!

रापणकर : 'हाव' लिवा नि मोकळे व्हा. हाव सुटता, लोभ जडता. बांगड्याची तुकडी परत मागलंय की आये म्हणायची, "हावऱ्या, बाकीच्यांका रवांदे!" लोभी कधी म्हटल्यान नाय.

गुहागरी : 'हव्यास' का नको? हवा + आस, सरळ आहे.

सड्यावरचा : फोड गोड आहे, पण मला तो 'अभ्यास'चा भाऊ वाटतो. म्हणून तर 'वाचनाचा हव्यास' कुणाला खटकत नाही.

आबोली : मला खटकतो. वाचनाचा व्यासंग असतो, हव्यास पैशाचा.

गुहागरी : आमच्या आजोबांना नाटकाचा हव्यास होता, व्यासंग नव्हता. दशावतार असला की जेवण टाकून जायचे.

माडवन : मंडळी, पत्रक! 'जास्तीची हाव सुटली, पिल्लंही जाळ्यात आली' असं केलंय. सचिवांना ते भारदस्त वाटत नाही.

रापणकर : भारदस्त ऱ्हवांदे. ट्रॉलच्या खोल्याक, म्हणजे ओढजाळ्याच्या शेवटच्या पिशयेक, आस कसलो लिवलास?

माडवन : ४० मिमी, चौकोनी.

रापणकर : मग चौकोनी कित्याक ताय लिव. साधो आस ओढताना मिटता नि बारको मासो आत रवता. चौकोनी उघडो रवता.

गुहागरी : तो आस की ती आस?

सड्यावरचा : जाळ्यातला तो, मनातली ती.

आबोली : जाळ्याचा 'आस' आधी कोशात दाखवा, मग लिंग ठरवू.

रापणकर : कोश घेवन बंदरार ये. जाळा हयच सुकत घातलाहा.