रिसीव्हर मधूनच म्हणतो, कॉम्प्युटर नाही

नाइटशिफ्ट_नाशिक
आमचं चोर-अलार्मवर लक्ष ठेवणारं छोटं मॉनिटरिंग सेंटर आहे. गिऱ्हाईक म्हणजे सराफी दुकानं, दोन-चार पतसंस्था, गोदामं. गिऱ्हाइकांकडून फोन लाइनवर येणारे अलार्म घेणारा रिसीव्हर जुना आहे, कॉम्प्युटरला सिरियल पोर्टवर सर-गार्ड कंपनीच्या फॉरमॅटमध्ये डेटा देतो. आधीचं सॉफ्टवेअर बंद झालं म्हणून मी सी-शार्पमध्ये प्रोग्रॅम लिहिला. अलार्म येतात, पण एकच अलार्म तीन-तीनदा. शिवाय मधूनच रिसीव्हर बीप करतो, कॉम्प्युटर सापडत नाही म्हणतो आणि प्रिंटरवर छापत सुटतो. अलार्मच्या मध्ये 1011, मग बरीच मोकळी जागा आणि ॲट-द-रेटचं चिन्ह असंही काही येतं. ते मी गाळतो. कुठे बघू?

कॉमपोर्ट_सात
यूएसबी कन्व्हर्टर आहे का? असेल तर विंडोजमधलं त्याचं पॉवर सेव्हिंग बंद करा. आणि डुप्लिकेटचं काय, मिनिटभरात तोच मेसेज आला तर कोडमध्येच टाकून द्या.

तारवाले_काका
कन्व्हर्टर बघाच, पण दुखणं तिथे नाही. तुम्ही गाळताय तोच हार्टबीट आहे हो! रिसीव्हर विचारतोय, "आहेस का?" आणि तुमचा प्रोग्रॅम गप्प. सहसा 30 सेकंदांनी येतो, सेटिंगमध्ये बदलता येतो. त्यालाही अलार्मसारखीच पोच द्यायची, हेक्स 06, एकच बाइट. ती नाही मिळाली की रिसीव्हर कॉम्प्युटर मेला असं धरून प्रिंटरकडे वळतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

आता तीन-तीनदा येणारा अलार्म. ओळ अशी येते: 5011, एक जागा मोकळी, मग 181234ई13001003, शेवटी हेक्स 14. सुरुवातीचा 5 मेसेजचा प्रकार सांगतो, 01 रिसीव्हर, 1 लाइन, 18 म्हणजे कॉन्टॅक्ट आयडी (अलार्म आकड्यांत कळवायची पद्धत), 1234 गिऱ्हाइकाचं खातं. ई म्हणजे नवी घटना, तिथे आर आला तर पूर्ववत. 130 घरफोडी, 01 पार्टिशन (जागेचा भाग), 003 झोन (कुठला सेन्सर). ओळीचा शेवट 14 आहे, एंटर नाही, त्यामुळे सी-शार्पचं रीडलाइन वापरत असाल तर न्यूलाइन (ओळीच्या शेवटाची खूण) बदला. पोच साधारण 4 सेकंदांत गेली नाही की रिसीव्हर तोच मेसेज पुन्हा पाठवतो. म्हणजे तुमची पोच उशिरा जातेय. डेटाबेस कुठे आहे?

आणि मिनिटभरातला मेसेज टाकून देऊ नका. चोर त्याच झोनमधून पुन्हा गेला तर तो खरा अलार्मही जाईल कचऱ्यात.

नाइटशिफ्ट_नाशिक
काका, डेटाबेस दुसऱ्या मशीनवर आहे, रात्री बॅकअप चालू असताना फार रेंगाळतो. मग आधी पोच देऊन टाकू आणि नंतर सेव्ह करू?

तारवाले_काका
अजिबात नाही. पॅनेलला, म्हणजे गिऱ्हाइकाकडच्या अलार्मच्या पेटीला, पोच रिसीव्हर स्वतः देतो, 1400 हर्ट्झचा टोन. तो मिळाला की पॅनेल फोन ठेवतं, त्याच्या लेखी काम झालं. त्यानंतर तो अलार्म फक्त रिसीव्हरकडे, तुमच्या 06 ची वाट बघत. तुम्ही 06 दिलं आणि सेव्ह व्हायच्या आत मशीन बसलं, तर तुमच्या सिस्टीममध्ये तो अलार्म आलाच नव्हता. पतसंस्थेच्या चेअरमनना काय सांगणार?

आलेली ओळ आधी त्याच मशीनच्या डिस्कवर फाइलमध्ये लिहा, बफरमध्ये न ठेवता, मग 06, मग सावकाश डेटाबेस. हार्टबीटलाही त्या फाइलमध्ये लिहिता येत असेल तेव्हाच उत्तर द्या. काही जण पोच देणारा थ्रेड वेगळा काढतात, मग बाकी प्रोग्रॅम लटकला तरी रिसीव्हरला सगळं आलबेल दिसतं. मला ते मुळीच पटत नाही. त्यापेक्षा बीप वाजलेला बरा.

कॉमपोर्ट_सात
ओळखू न येणारा कोड आला तर हेक्स 15 पाठवावं ना?

तारवाले_काका
15 म्हणजे "नीट मिळालं नाही, पुन्हा पाठव." रिसीव्हर इमानाने तेच पुन्हा पाठवेल आणि मागची रांग अडेल. मेसेज अर्धवट आला तरच 15. कोड अनोळखी असेल तर लिहून घ्या, 06 द्या आणि ऑपरेटरला लाल अक्षरांत दाखवा. हार्टबीट दोनदा चुकला तर तेही ऑपरेटरला दिसू द्या. केबल निसटली की तुमचा पडदा नुसता शांत दिसतो, आणि रात्री तीनला शांत पडदा कुणाला खटकत नाही.

नाइटशिफ्ट_नाशिक
हार्टबीटला 06 दिल्यापासून प्रिंटर गप्प आहे. बॅकअपच्या वेळी डुप्लिकेट अजून येतात, फाइलचं काम रविवारी करतो. तोवर बॅकअप सकाळी अकराला ढकललाय.