लॉ स्कूलशी स्कॉलरशिपची घासाघीस करावी का?

एडिसनकर: पुतणीला इथल्या (अमेरिकेतल्या) दोन लॉ स्कूल्समध्ये जेडीला (वकिलीच्या मुख्य पदवीला) प्रवेश मिळालाय. रँकिंगमध्ये वरची आहे तिनं एक तृतीयांश फी माफ केलीय, खालचीनं सगळी. खालचीचं पत्र दाखवून वरचीकडे वाढवून मागायचं, असं पोरीच्या मनात आहे. भाऊ भडकलाय, "कोणी देतंय तर त्यात भाव करायचा?" मला तिचंच पटतं. रँकिंगसाठी प्रवेश घेतलेल्यांच्या एलसॅटचा (लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा) मध्यांक, म्हणजे बरोबर मधला स्कोअर, बघतात, आणि हिचा स्कोअर त्याच्या वर आहे. त्यांना तो हवाय म्हणून पैसे देतायत. यात उपकार कसला?

सांगलीची सून: उपकार नाही हे मान्य. पण सूट जाते कुणाच्या खिशातून? ही बरीचशी 'स्कॉलरशिप' म्हणजे नुसती फीतली सवलत. स्कोअर जरा कमी असलेली मुलं पूर्ण फी भरतात, तीही कर्ज काढून. शिवाय असं मागता येतं हे माहीत कुणाला? ज्यांच्या घरात आधीच वकील आहेत त्यांना. येल, हार्वर्ड, स्टॅनफर्ड फक्त आर्थिक गरज बघून मदत देतात, तेच मला सरळ वाटतं.

एडिसनकर: सरळ असेल, पण तिथं प्रवेश किती जणांना? आणि हिनं न मागितल्यानं त्या दुसऱ्या मुलाची फी एक डॉलरनं तरी उतरणार आहे का?

जुना वकील: भांडा खुशाल, पण आधी पत्रातली अट वाचा. काही ठिकाणी ठरावीक जीपीए (मार्कांची सरासरी) टिकला तरच सवलत पुढं चालू राहते. पहिल्या वर्षाचे मार्क कर्व्हवर, म्हणजे एकमेकांच्या तुलनेत: सगळी हुशार पोरं एकाच वर्गात आणि त्यातली निम्मी निम्म्याच्या खाली! अशा सशर्त स्कॉलरशिप किती जणांच्या कमी झाल्या किंवा गेल्या, ते अमेरिकन बार असोसिएशनच्या (लॉ स्कूल्सना मान्यता देणाऱ्या वकिलांच्या संघटनेच्या) ५०९ नियमानुसार प्रत्येक स्कूलला जाहीर करावं लागतं. रक्कम वाढत नसेल तर निदान अट काढून मागा. मी तर आधी तेच मागेन.

कोथरूडचा एक: भारतातून जाणाऱ्यांसाठी: आपल्या पदवीच्या मार्कांचा जीपीए काढून तो स्कूलच्या जीपीएच्या मध्यांकात धरत नाहीत. त्यामुळे सगळा भार एलसॅटवर, आणि तो चांगला असेल तर मागायला जोर येतो. एलएलएमवाल्यांचा (वकिलीनंतरच्या पदव्युत्तर पदवीवाल्यांचा) या मध्यांकांशी संबंधच नाही, तिथं फार आशा ठेवू नका.

सांगलीची सून: म्हणजे शेवटी स्कोअर असेल त्यालाच जोर. माझं म्हणणं तेच होतं. आणि जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलरच्या वर नाही. पूर्ण फी भरणाऱ्यानं वरचे पैसे आणायचे कुठून?

एडिसनकर: म्हणूनच मागायचं, ताई! फक्त काही स्कूल्स 'आम्ही फेरविचार करत नाही' असं आधीच कळवतात, तिथं हट्ट नको. बाकीच्यांना डिपॉझिटच्या (जागा पक्की करायला भरायच्या पैशांच्या) तारखेआधी चार ओळींचा मेल, सोबत दुसऱ्या पत्राची प्रत. आकडा फुगवायचा नाही, प्रत मागतातच.

सांगलीची सून: मेल जाऊ दे. पण तुमच्या भावाला मी चुकीचं म्हणणार नाही.