ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या लेकरांसाठी पालक मेळावा घ्यायचा कसा?

बालाघाटची ताई:
नमस्कार. मी पाटोदा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. तीन वर्षांपुढची लेकरं अंगणवाडीत येतात, गाणी म्हणतात, खिचडी खातात, त्यांचं निभतं. माझा प्रश्न त्याखालच्यांचा. त्यांच्यासाठी केंद्राचा 'नवचेतना' आराखडा आलाय (२०२४). छत्तीस महिन्यांत कोणत्या महिन्याला काय खेळायचं, काय बोलायचं, सगळं त्यात आहे. चांगला आहे, माझी तक्रार नाही. डब्यात खडे घालून खुळखुळा, पदराआड लपून 'भॉक', हे आपल्या बाया करतातच की.

पण दिवाळी झाली की अर्धं गाव कारखान्याला जातं. मग मेळाव्याला सतरंजीवर बसतं कोण? आज्या, आणि धाकट्याला कडेवर घेऊन आलेली चौथी-पाचवीतली एखादी पोर. मी तक्त्यावरचं वाचते, "आईनं बाळाच्या डोळ्यांत बघून बोलावं." समोरची म्हातारी म्हणते, "आय तिकडं कोल्हापूरकडं हाय, मी बघू का?" सगळे हसतात, फोटो निघतो, मेळावा झाला.

आईबापासंगं गेलेल्या लेकरांचं तर काहीच हातात राहत नाही. ट्रकवाल्या ऊसतोड टोळीची कोप (तात्पुरती झोपडी) उसामागं हलते, तिकडची अंगणवाडी गावात आणि ही लेकरं रानात.

आजीला धरून असं काही कुणी बसवलंय का? आणि फडावरच्या आईला सांगायचं तरी काय?

कोयता सोडलेला:
ताई, फडावरचं मी सांगतो. पहाटं चारला उठून भाकरी, उजाडायच्या आत फडात. लेकरू पाचटावर, नाहीतर गाडीखाली झोळीत. नवरा तोडतो, बाई मोळ्या बांधती आणि डोक्यावरून वाहती. खाडा झाला की पैसे कापले जातात, वर मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल अंगावर असतीच. अशा बाईला "रोज अर्धा तास लेकराशी खेळा" म्हणलं तर ती तुमच्या पाया पडंल.

वेळ मागू नका. जे ती करतीच त्यात बसवा. माझी बायको मोळ्या मोठ्यानं मोजायची, पोरगी मागून म्हणायची. वीसपर्यंतचे आकडे ती फडातच शिकली.

आणि बापाला धरा की! गाडी खाली झाली की तो मोकळा असतो, ती तवा चुलीवर ठेवती. त्या वेळेला लेकरू कुणाच्या मांडीवर पाहिजे? तक्त्यावर बापाचं एक चित्र तरी असतं का?

गोदाकाठ (जनआरोग्याचा विद्यार्थी):
तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी सिद्ध झालेलं आहे, फक्त ते मेळाव्याच्या स्वरूपात नाही. १९८६-८७ मध्ये जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत उंची खुंटलेली १२९ मुलं घेऊन एक प्रयोग झाला. त्यातल्या काही मुलांच्या घरी आरोग्य सेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायची. भाषण नाही. टाकाऊ वस्तूंची खेळणी न्यायची, आईकडून मुलाशी खेळून घ्यायची, खेळणी तिथंच ठेवायची आणि पुढच्या वेळी बदलायची. ही मुलं बाविशीत पोचली तेव्हा त्यांची कमाई भेटी न मिळालेल्या खुंटलेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसता पूरक आहार मिळालेल्यांना एवढा टिकाऊ फायदा दिसला नाही.

किंग्स्टन शहर आहे म्हणाल, तर सिंधमधला नौशहरो फिरोज जिल्हा घ्या, अगदी ग्रामीण. तिथं आपल्या आशाताईंसारख्याच लेडी हेल्थ वर्करनी गटबैठका आणि घरभेटी दोन्ही घेतल्या. २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. दोन वर्षांची झाली तेव्हा त्या मुलांची समज, बोलणं, हालचाल, तिन्ही पुढं होती.

आशाताईंच्याही तीन ते पंधरा महिन्यांच्या बाळांकडे पाच घरभेटी ठरलेल्या आहेत. त्यांच्यासोबत जा.

बालाघाटची ताई:
वजन-उंची, आहारवाटप, मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये नोंदी, वर येईल तो सर्व्हे. त्या जमैकातल्या बाईला ट्रॅकर भरावा लागत नसणार! आठवड्याला प्रत्येक घरी तासभर मला जमायचं नाही, खरं सांगते.

निवृत्त मुख्यसेविका:
प्रत्येक घरी जाऊच नको गं. कमी वजनाची आणि अजून बोलत नसलेली, अशी पाच-सहा घरं निवड. तेवढ्यांनाच नेमानं जा, बाकीच्यांना मेळावा पुरतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तूही सकाळी आजी बाळाला पायावर घेऊन तेल लावते त्या वेळेला जा. ती तेव्हा बोलतेच बाळाशी. तू फक्त एवढं शिकव: बोलून थांबायचं, बाळ हुंकार देईपर्यंत वाट बघायची, मग पुढचं बोलायचं. आज्यांना हे पटकन जमतं, आयांपेक्षाही (हे माझं मत, भांडू नका).

चौथीतल्या पोरीला मात्र मेळाव्यात धरू नकोस. तिला बाळ सांभाळायला आणखी चांगलं शिकवलं की तिची शाळा सुटलीच म्हणून समज. मुख्याध्यापकांना भेट आणि तिच्या आजीला सांग.

टोळीवाल्यांचा मेळावा दसऱ्याच्या आत घे. तेव्हा आईबाप दोघंही गावात असतात. निघताना माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत आहे का, ते स्वतः बघ. तिकडं लस द्यायला तेच विचारतात.

बालाघाटची ताई:
दसऱ्याआधी घेते. मुकादमाला बोलवू का?

कोयता सोडलेला:
मेळाव्यात नको, त्याच्यापुढं बाया तोंड उघडायच्या नाहीत. त्याला आधी वेगळं गाठा. फडाच्या कडंला लेकरांसाठी ताडपत्रीची सावली, पाण्याची टाकी, आणि टोळीतली एक म्हातारी कोयता न धरता लेकरांपाशी बसवायची. तिचा रोज कोण देणार, ते उचल वाटायच्या आधीच त्याच्याकडून ठरवून घ्या. नंतर तो ऐकत नसतो.