शब्दचर्चा: ‘व्हॉलंटियर टीचर’ला मराठीत काय म्हणावं?

कर्वेनगरहून प्रश्न
टांझानियातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवून मी नुकतीच पुण्याला परतले. राहायला खोली आणि जेवणखाणापुरते पैसे मिळायचे, पगार नव्हता. आता माझ्या जुन्या शाळेत मुलांशी गप्पा मारायला बोलावलंय. पत्रिकेच्या मसुद्यात माझ्या नावाखाली ‘मानद शिक्षिका’ असं आलंय आणि ते मला पटत नाही. ‘स्वयंसेविका’ लिहावं, की ‘सेवाव्रती’? घरात एकमत होत नाही.

सदाशिव पेठ
ताई, ‘मानद’ नकोच. संस्कृतात मानद म्हणजे मान देणारा. मराठीत तो उलटा फिरून, मान म्हणून मिळालेल्या पदाला लागू झाला: मानद सचिव, मानद डॉक्टरेट. रोज सकाळी फळ्यापुढे उभं राहणाऱ्या माणसाला तो शोभत नाही. ‘मानधन’ही असाच फिरलाय. संस्कृत काव्यात मानधन म्हणजे मान हेच ज्याचं धन आहे असा वीर. आज आपण अंगणवाडीताईंच्या हाती पडणाऱ्या रकमेला तो शब्द वापरतो.

‘सेवाव्रती’ मात्र जपून. पुण्यात या शब्दामागे फार मोठी माणसं उभी आहेत. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली निघाली, तेव्हा तिच्या आजीव सदस्यांनी तुटपुंज्या वेतनावर २० वर्षं शिकवायचं बांधून घेतलं होतं. गोखल्यांनी ते निभावलं आणि मग १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ काढला. त्यांच्याच हिंगण्याच्या संस्थेतला ‘आजीव सेवक’ हा शब्द आजही कानावर येतो. आपल्याकडच्या या शब्दांत मुदत धरलेली असते, आणि ती वीस वर्षांची, नाहीतर आयुष्यभराची असते. थोड्या काळासाठी गेलेल्याने व्रती म्हणवून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. यात तुमच्या कामाला कमी लेखत नाही. शब्दाचं माप वेगळं आहे, एवढंच.

औंध
‘स्वयंसेवक’ म्हटलं की पुण्यात डोळ्यांपुढे येतो तो विसर्जन मिरवणुकीत दोर धरून उभा असलेला बिल्लेवाला कार्यकर्ता, पालखीच्या दिवशी पाणी वाटणारा, किंवा संघाचा स्वयंसेवक. वर्गात शिकवणारा सहसा येत नाही. वस्तीत जाऊन शिकवणाऱ्या मुलामुलींना तिथली पोरं ताई-दादाच म्हणतात. शिवाय ‘स्वयंसेविका शिक्षिका’ हे जिभेला जड.

शब्दही दुहेरी आहे. ‘स्वतःहून केलेली सेवा’ आणि ‘स्वतःच स्वतःची सेवा’ असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. म्हणून तर हॉटेलात ‘स्वयंसेवा’ अशी पाटी लागते आणि आपण ताट उचलायला उठतो. आणि मूळ लॅटिनकडे गेलं तर ‘व्हॉलंटियर’मध्ये इच्छा आहे, सेवा नाही. सेवा आपण घातली. ‘स्वेच्छा’ नेमका बसला असता, पण तो निवृत्तीने अडवून ठेवलाय.

कर्वेनगर
‘सेवा आपण घातली’ हे वाचून मला काय खटकत होतं ते कळलं. तिथे मी किती जणांची सेवा केली, हा हिशोब मला मांडताच येणार नाही. मी पहिल्यांदा बाजारात गेले तेव्हा शाळेतल्या सहकारी बाई सोबत होत्या, भाव त्यांनीच केला. पाणी गेलं की शेजारच्या आजी माझीही बादली भरून ठेवायच्या. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची उकडीसारखी घट्ट मळलेली मूद, हाताने कशी खायची हेही त्यांनीच शिकवलं.

स्वाहिलीत या कामाला ‘कुजितोलेआ’ म्हणतात. ‘जि’ म्हणजे स्वतःला, पुढचा भाग देऊ करण्याचा. स्वतःला देऊ करणं. यात सेवा नाही, पैसा नाही आणि मुदतही नाही.

बाकी दिवस भाषेतच जायचा. प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि माध्यमिकला एकदम इंग्रजी, त्यामुळे फॉर्म वनची, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षाची मुलं उदाहरण सोडवायची पण कसं सोडवलं ते सांगताना गप्प व्हायची. आपल्या सेमी इंग्रजीच्या वर्गात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मी रीत आधी स्वाहिलीत म्हणून घ्यायचे, तीही त्यांच्याकडूनच शिकून. वेळ सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. मोठ्यांना ‘शिकामो’ म्हणायचं, त्याचा अर्थ पाय धरतो असा सांगतात. मोठी माणसं ‘मराहाबा’ म्हणून ते स्वीकारतात. वहीला ‘दफ्तारी’, पेनाला ‘कलामु’, दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’. शाळेला ‘शुले’ म्हणतात तेव्हा आपलीच शाळा वाटते, पण तो शब्द जर्मन राजवटीतला आहे.

मला हाक मारायचे ‘म्वालिमु’. शिक्षक आणि शिक्षिका दोघांनाही तोच शब्द.

सदाशिव पेठ
फार सुंदर. म्वालिमु हा अरबी ‘मुअल्लिम’वरून आला, म्हणजे शिकवणारा. त्याच धातूवरून ‘तालीम’, म्हणजे शिकवणं. मराठीत ती कुस्तीच्या आखाड्यात आणि नाटकाच्या सरावात रमली. आपल्या मानाच्या तिसऱ्या गणपतीच्या, म्हणजे गुरुजी तालमीच्या नावातली तालीम आणि तुमचा म्वालिमु हे सख्खे आहेत. मुलांना हे जरूर सांगा.

धनकवडी
नाम शोधताय म्हणून अडतंय. मराठी क्रियापदावर चालते. ‘टांझानियात विनावेतन गणित शिकवले’ एवढं छापा. बिरुद कशाला हवं?

औंध
सहमत. पण ‘विनावेतन’ही काढा. आपल्याकडे विनावेतन रजा असते, आणि ‘विनाअनुदानित’ शाळांतल्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं पगाराविना काढलेत, तेही मनाविरुद्ध. त्यांच्या शेजारी तुमचं ‘विनावेतन’ नको. ‘स्वतःहून’ म्हणा.

कर्वेनगर
पटलं, ‘विनाअनुदानित’चा मुद्दा तर फारच. मसुदा बदलून पाठवला: ‘टांझानियातल्या शाळेत स्वतःहून जाऊन गणित शिकवले.’ मुख्याध्यापकांना चालतंय.

आता दुसरा प्रश्न. तिथे ठेच लागलेल्याला, आजाऱ्याला, ओझं घेऊन चाललेल्याला, दमून घरी आलेल्याला ‘पोले’ म्हणतात. बोलणाऱ्याची चूक नसते, तरी म्हणतात. मराठीत आजी-आईच्या तोंडी याच्या जवळचं काही ऐकलंय का? कोकण, मराठवाडा, खानदेश, कुठलंही चालेल.