१९ मिमीचा प्लाय आणि फ्लश डोअरचा लॉट उतरवून घेताना काय तपासायचं?

साईट_बेसा
नमस्कार मंडळी. नागपूरच्या बेसा भागातल्या एका इमारतीसाठी १९ मिमीचे ८ बाय ४ चे १५० प्लाय आणि ३० मिमीचे ६० फ्लश डोअर (सपाट दरवाजाचे पल्ले) पुढच्या आठवड्यात यायचे आहेत. प्लाय किचन आणि वॉर्डरोबसाठी. पल्ल्यांपैकी २५ बाथरूमला लागणार. कोटेशनवर "७१० ग्रेड, बॉइलिंग वॉटरप्रूफ, आयएसओ सर्टिफाइड" असं लिहिलंय. लकडगंजच्या लाकूड बाजारात दोन ठिकाणी भाव काढले तर फरक बराच निघाला, शिक्के मात्र दोन्हीकडे सारखेच दिसतात. माल उतरताना काय बघायचं आणि कशावरून गाडी परत पाठवायची?

प्लायवाला_लकडगंज
आधी ते कोटेशन बदलून घ्या. त्यातला एकही शब्द तुमच्या कामाचा नाही. आयएसओ ९००१ हे कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, ग्लू उकळत्या पाण्यात टिकेल की नाही हे ते सांगत नाही. एफएससी प्रमाणपत्र दाखवलं तर लाकूड जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलातलं आहे एवढंच कळेल. ७१० हा मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा (आयएस) क्रमांक, पण "७१० ग्रेड" ही नुसती शाई आहे, ती कोणीही छापतो. ऑर्डरवर आणि बिलावरसुद्धा असं लिहून घ्या: "आयएस ७१० मरीन प्लायवूड, आयएसआय चिन्हासह, लायसन्स क्रमांक अमुक, जाडी १९ मिमी". वॉर्डरोबला आयएस ३०३ (साध्या वापराच्या प्लायचं मानक) चा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तोंड देणारा, पुरतो, सगळीकडे ७१० लावून पैसे घालवू नका. एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) मात्र किचनच्या सिंकखाली अजिबात नको.

शिक्का असा वाचायचा: आयएसआय चिन्हाच्या वर आयएस क्रमांक, खाली सीएम/एल पासून सुरू होणारा लायसन्स क्रमांक. तो बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) च्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका. उत्पादकाचं नाव, कारखान्याचा पत्ता, आयएस क्रमांक आणि मुदत या चारही गोष्टी शीटवरच्या छापाशी आणि बिलाशी जुळल्या पाहिजेत. लायसन्स त्या पत्त्यावरच्या कारखान्याला आणि त्या एकाच आयएस क्रमांकासाठी मिळतं. फसवणूक बहुतेक इथेच होते. नंबर खरा असतो, पण ३०३ चा. किंवा मुदत संपलेला. किंवा नंबर हरियाणातल्या यमुनानगरच्या एका कारखान्याचा आणि माल भलत्याच ठिकाणचा.

प्लायवूड आणि लाकडी फ्लश डोअरसाठी क्वालिटी कंट्रोल ऑर्डर (आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा सरकारी आदेश) २०२५ मध्ये लागू झाली, त्यामुळे "आयएसआय नको असेल तर स्वस्तात देतो" म्हणून माल विकणंच आता बेकायदेशीर आहे. बीआयएस कायदा २०१६ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड आहे. तक्रार त्याच अ‍ॅपवरून करता येते.

कापलेल्या कडेला ग्लूची रेघ काळपट लाल दिसली तर फिनॉलचा ग्लू, पांढुरकी दिसली तर युरियाचा.

उकळ_चाचणी
शिक्क्याबद्दलचं सगळं बरोबर आहे, शेवटच्या ओळीवर मात्र कोणी विसंबू नका. युरियाच्या ग्लूमध्ये रंग मिसळून रेघ काळपट करतात. पांढरी रेघ दिसली तर माल नाकारायला हरकत नाही, पण काळी रेघ दिसली म्हणून पास करू नका. ग्लू वाढवायला मैदा जास्त घातला असेल तर तेही रेघ बघून कळत नाही.

मापापासून सुरुवात करा. आयएस ३०३ मध्ये ६ मिमी आणि त्यावरच्या जाडीला अधिक-उणे ५ टक्के सूट आहे, म्हणजे १९ चा प्लाय १८.०५ ते १९.९५ च्या आत हवा. व्हर्नियर कॅलिपर घेऊन चारही कडांवर दोन-दोन ठिकाणी मोजा. १७.२ मिमीचा माल "एकोणीसचाच आहे, पॉलिशला गेला" म्हणून गळ्यात मारतात, तो गाडीवरूनच परत करा. वजनही करा. ८ बाय ४ चा १९ मिमीचा प्लाय घनमीटरला ६५० किलो धरला तर सुमारे ३७ किलो भरतो. पोपलरचा हलका, निलगिरीचा जड, त्यामुळे एका आकड्यावर अडू नका. पण एकाच बॅचच्या दोन शीटमध्ये चार-पाच किलोंचा फरक निघाला तर आत पोकळी असू शकते. शीट दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवून नाण्याने टिचक्या मारत जा. आवाज एकदम पोकळ, बसका झाला की तिथे कोअरच्या (आतल्या थरांच्या) पट्ट्यांमध्ये गॅप आहे. फेस गुळगुळीत असतो म्हणून गॅप वरून दिसत नाही, पण बिजागरीचा स्क्रू नेमका तिथेच आला तर तो धरत नाही.

आता खरी परीक्षा. मानकाप्रमाणे एमआर ६० अंशांच्या पाण्यात ३ तास आणि मग ६५ अंशांवर ८ तास वाळवणं, अशा तीन फेऱ्या. बीडब्ल्यूआर ८ तास उकळून ६५ अंशांवर १६ तास वाळवणं, याही तीन फेऱ्या. आणि ७१० सलग ७२ तास उकळायचा. साईटवर एवढं जमणार नाही, तरी निदान ८ तास उकळाच. चार इंची तुकडा शीटच्या मध्यातून कापा, कडेचा नको, कारण कडेला दाब आणि ग्लू वेगळे पडतात. कुकर वापरू नका. त्यात तापमान १०० च्या वर जातं आणि निकालाची तुलना कशाशीच करता येत नाही. उघड्या पातेल्यात तुकडा पूर्ण बुडालेला ठेवा, पाणी आटलं तर उकळतंच घाला.

तुकडा बाहेर काढून निथळला की दोन पापुद्र्यांच्या मधल्या रेघेत पटाशी घाला आणि उचका. उघडलेल्या दोन्ही बाजूंवर बोट फिरवा. लाकडाचे तंतू फाटून खरखरीत लागले तर ग्लू लाकडापेक्षा मजबूत आहे. पापुद्रा पोस्टकार्डासारखा अलगद सुटला आणि खाली चकचकीत थर दिसला तर तो ग्लू हरला. अर्धं खरखरीत, अर्धं गुळगुळीत असेल तर प्रेसमध्ये दाब किंवा उष्णता सगळीकडे सारखी बसली नाही, किंवा पापुद्रे ओलेच दाबले.

ओलावा ५ ते १५ टक्के हवा. टोचणीच्या मीटरचा आकडा अंतिम धरू नका, फिनॉलच्या ग्लूमध्ये अल्कली असते म्हणून तो कधी कधी जास्त दाखवतो. शंका आली तर तुकडा १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवून हिशेब करा.

साईट_बेसा
धन्यवाद. १५० मधले किती तुकडे कापावे? सप्लायर म्हणतो, "आमचं लॅब सर्टिफिकेट आहेच."

उकळ_चाचणी
ते सर्टिफिकेट कोणत्या बॅचचं आहे ते बघा. तुमच्या शीटवरचा बॅच नंबर त्यात नसेल तर तो कागद तुमच्या मालाचा नाही. नमुने तुम्ही निवडा, सप्लायरने हातात दिलेला तुकडा घेऊ नका. मी प्रत्येक बॅचमागे निदान दोन शीट कापायला सांगेन, एक थप्पीच्या मधली आणि एक तळाची. वाद झाला तर तुकड्यावर दोघांच्या सह्या घेऊन सीलबंद करा आणि एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबला पाठवा. त्या लॅबच्या मान्यतेच्या यादीत आयएस १७३४ (प्लाय तपासण्याच्या पद्धतींचं मानक) च्या चाचण्या आहेत का, हे आधी विचारा.

पल्ला_चौकट
फ्लश डोअरचं गणित वेगळं आहे. आयएस २२०२ (लाकडी फ्लश डोअरचं मानक) चं चिन्ह हवं, पल्ल्याला प्लायचा नंबर चालत नाही. पल्ला सपाट जमिनीवर ठेवून कर्णावर दोरी ताणा. पीळ, बाक मिळून ६ मिमीच्या वर नको. पृष्ठभागाचा स्थानिक उंच-सखलपणा ०.५ मिमीच्या आत हवा, नाहीतर लॅमिनेट चिकटवल्यावर लाटा दिसतात.

बाथरूमच्या २५ पल्ल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची एंड इमर्शन (टोक पाण्यात बुडवण्याची) चाचणी. पल्ल्याचं खालचं टोक ३०० मिमी पाण्यात २४ तास, मग २४ तास वाळवणं, अशा आठ फेऱ्या. तिचा रिपोर्ट मागा. शंका असेल तर ६० मधला एक पल्ला आडवा कापा. पैसे जातील, पण आतला फिलर, त्यातल्या फटी आणि कुलपाच्या जागी भरीव लाकूड आहे की नाही हे डोळ्यांनी दिसेल.

पास झालेला माल साईटवरच बिघडतो. मिस्त्री खालची कड रंधून कमी करतो आणि ती कच्ची कड तशीच सोडतो, तिथूनच पाणी चढतं. कापल्यावर वरची आणि खालची कड दोन हात प्रायमर मारून बंद करा.

प्लायवाला_लकडगंज
त्यात नागपूरचं हवामान जोडा. मे महिन्यात कोरडी झळ, आणि घरात खिडकीतल्या कूलरची ओली हवा थेट वॉर्डरोबच्या एका बाजूवर. एक बाजू फुगते, दुसरी आकसते, की पल्ला वाकतो. माल भिंतीला टेकवून उभा करू नका. जमिनीपासून चार इंच वर, तीन सारख्या उंचीच्या पट्ट्यांवर आडवा रचा, वर ताडपत्री टाका आणि बाजूंनी हवा खेळती ठेवा. दोन्ही बाजूंना लॅमिनेट लावा. एकाच बाजूला लावलं तर उरलेली बाजू पहिल्याच पावसाळ्यात ओढ घेते.