शब्दचर्चा: नाटकाचा 'प्रयोग', 'खेळ' की 'शो'?

गेल्या आठवड्यात बुकिंगच्या खिडकीपाशी उभी होते. माझ्या पुढच्या तरुणाने आत वाकून विचारले, "रविवारच्या शोचा प्लॅन उघडला का?" आतल्या गृहस्थांनी छापील प्लॅनवर, म्हणजे आसनांच्या नकाशावर, निळ्या पेन्सिलीने फुल्या मारता मारताच उत्तर दिले, "रविवारी दोन प्रयोग आहेत. दुपारचा हवा की रात्रीचा?" दोघांचेही एकमेकांना नीट कळले आणि व्यवहार पार पडला. मी मात्र हातात तिकीट घेऊन घरी येईपर्यंत या दोन शब्दांचाच विचार करत होते. चाळीस वर्षे नाटके पाहते आहे आणि 'प्रयोग' या शब्दाची मला इतकी सवय आहे, की त्याच्या जागी दुसरा शब्द ऐकला की काहीतरी कमी झाल्यासारखे वाटते. हे वाटणे केवळ सवयीचे आहे की त्याला अर्थाचा काही आधार आहे, हे तपासावे म्हणून ही चर्चा मांडत आहे.

'प्रयोग' हा 'प्र' आणि 'युज्' यांपासून झालेला शब्द आहे. एखादी गोष्ट योजणे, कामी लावणे, प्रत्यक्षात आणणे हा त्याचा गाभा. व्याकरणातला कर्तरी प्रयोग, धर्मकृत्यांच्या पोथ्यांमधला प्रयोग, मांत्रिकाचा प्रयोग आणि प्रयोगशाळेतला प्रयोग हे सगळे एकाच कुळातले. शब्दाची योजना, मंत्राची योजना, द्रव्याची योजना. त्याच न्यायाने नाटकाचा प्रयोग म्हणजे लिहिलेल्या संहितेची माणसांच्या देहातून आणि आवाजातून केलेली योजना होय.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करायला हवा, कारण तो मी नाट्यविषयक भाषणांत अनेकदा ऐकला आहे. वक्ते म्हणतात, "प्रत्येक सादरीकरण ही एक नवी चाचणीच असते, म्हणून आपल्या पूर्वजांनी त्याला प्रयोग म्हटले." ऐकायला हे छान वाटते, पण यात क्रम उलटा झाला आहे. नाटकाच्या संदर्भात हा शब्द कालिदासाच्याही आधीपासून रुळलेला आहे. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधार नटीला म्हणतो, "आ परितोषाद्विदुषां न साधु मन्ये प्रयोगविज्ञानम्", म्हणजे जाणत्यांचे समाधान होईपर्यंत प्रयोगातले आपले कौशल्य मी चांगले मानत नाही. कालिदासाच्याच 'मालविकाग्निमित्र' या नाटकात तर नाट्यशास्त्र हे प्रयोगप्रधान आहे, असे स्पष्ट वाक्यच येते. या दोन्ही ठिकाणी 'प्रयोग' म्हणजे रंगमंचावर प्रत्यक्ष करून दाखवणे, चाचणी घेणे नव्हे. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतला अर्थ मराठीत रूढ झाला तो इंग्रजी अमदानीत. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात मराठी शाकुंतल रंगभूमीवर आणले, तेव्हा कालिदासाच्या सूत्रधाराचा हा शब्द त्याच्या मूळ जागी परत आला, असे मला वाटते.

गोंधळ वाढला तो 'प्रायोगिक' या विशेषणामुळे. १९६० साली सुरू झालेली 'रंगायन' ही नाट्यसंस्था आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या संस्थेने चालवलेले काम यांमुळे 'प्रायोगिक नाटक' हा शब्द घरोघरी पोचला. त्या विशेषणातला 'प्रयोग' हा प्रयोगशाळेतला आहे, नवे काही करून पाहण्याचा आहे, नाट्यप्रयोगातला नाही. म्हणून 'प्रायोगिक नाटकाचा पहिला प्रयोग' हे वाक्य मराठीत सहज चालते आणि त्यात द्विरुक्ती होत नाही. एकाच वाक्यात एकाच मुळाचे दोन अर्थ शेजारी शेजारी बसतात आणि वाचणारा अडखळत नाही, ही भाषेची केवढी समज आहे!

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. 'नाटक' आणि 'प्रयोग' या दोन वस्तू वेगळ्या आहेत आणि मराठी बोलणाऱ्याला तो फरक न शिकवता कळतो. "नाटक चांगले आहे, पण कालचा प्रयोग पडला" असे आपण म्हणतो. "नाटक सामान्य होते, पण प्रयोग रंगला" असेही म्हणतो. समीक्षेतली 'प्रयोगक्षम' आणि 'प्रयोगमूल्य' ही पारिभाषिक पदे याच फरकावर उभी आहेत. आपल्याकडे संहितेला परवानगी देणाऱ्या सरकारी मंडळाच्या नावातही 'रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण' असे शब्द आहेत. वाचली जाते संहिता, पण परवानगी असते ती प्रयोगाला.

या फरकाचे इतिहासातले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'संयुक्त मानापमान'. खाडिलकरांचे 'मानापमान' हे नाटक १९११ पासून रंगभूमीवर होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन नाटक कंपन्यांनी मिळून त्याचा प्रयोग केला. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकाच रंगमंचावर उभे राहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. 'संयुक्त मानापमान' हे काही वेगळे नाटक नव्हे, संहिता तीच होती. शंभर वर्षांनंतरही ज्याची आठवण काढली जाते तो एका रात्रीचा प्रयोग आहे आणि त्याला स्वतःचे नाव मिळाले आहे. माझ्या माहितीत इतर कुठल्याही कलेत एका संध्याकाळला असे नाव मिळत नाही.

स्वतः पाहिलेले सांगते. दोन पात्रांचे एक नाटक मी पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा पाहिले. दुसऱ्या अंकात आई मटार सोलत बसली आहे आणि मुलगा तिला एक अवघड प्रश्न विचारतो. पहिल्या वेळी नेमक्या त्या शांततेत तिसऱ्या रांगेत कोणाचा तरी फोन वाजला. अभिनेत्रीने शेंग हातात तशीच धरून ठेवली. तिने प्रेक्षकांकडे पाहिले नाही, मुलाकडेही पाहिले नाही. वाजणे थांबल्यावर तिने शेंग सावकाश उघडली, दाणे ताटात पडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला आणि मग ती उत्तराचे वाक्य बोलली. अख्खे नाट्यगृह तिच्या बाजूने उभे राहिल्याचे जाणवत होते. दुसऱ्या वेळी, दुसऱ्या गावी, फोन वाजला नाही, पण त्याच जागी एका कोपऱ्यातून हसू आले, आणि तिने तेच वाक्य चटकन, जवळजवळ तोडून टाकल्यासारखे म्हटले. लेखकाचा एक शब्दही बदलला नव्हता. पहिल्या दिवशीची आई सोसणारी होती, दुसऱ्या दिवशीची दुखावलेली. त्या दिवसापासून जाहिरातीतला 'प्रयोग क्रमांक' मी गांभीर्याने वाचते.

'शो' हा शब्द मला कमी वाटतो तो या कारणाने. त्यात दाखवणे आहे, योजणे नाही. सिनेमाचा शो चारदा झाला तरी पडद्यावरची आई शेंग तितक्याच वेळात सोलते, तेथे 'शो' चपखल बसतो. 'सादरीकरण' या शब्दाबद्दलही माझे असेच मत आहे. कचेरीत तक्ते दाखवण्यासाठी तो ठीक आहे, परंतु त्यात प्रेक्षकाला वाटा नाही.

'खेळ' हा शब्द मात्र मी आनंदाने स्वीकारीन. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, त्या काळच्या नाटकांना 'नाटकाचे खेळ' म्हणत. पुढे हा शब्द सिनेमाकडे गेला ('दुपारचा तीनचा खेळ') आणि सर्कशीकडे व डोंबाऱ्याकडे तर तो आधीपासूनच होता. 'खेळ' शब्दात खेळणाऱ्याचे अंग आहे, चुकण्याची शक्यता आहे. नाटकाच्या मंडळींनी तो सोडला तो बहुधा त्याला प्रतिष्ठा कमी वाटली म्हणून. 'तमाशा' या शब्दाचेही हेच झाले. मूळचा अरबी-फारसी वाटेने आलेला, पाहण्याजोगी गोष्ट या अर्थाचा हा शब्द. पण घरात 'तमाशा नको' म्हणताना आपण एका सबंध कलेला कमी लेखतो. गण, गवळण, बतावणी आणि वग अशी ज्याची बांधेसूद रचना आहे, त्या खेळाचे नाव गोंधळाला द्यावे, हे मला कधीच पटलेले नाही.

नाटक जेथे होते त्या वास्तूंच्या नावांबद्दल एक निरीक्षण नोंदवते. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर, ठाण्यात गडकरी रंगायतन, नाशकात कालिदास कलामंदिर, कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह. 'मंदिर' म्हटल्यावर पावित्र्याची कल्पना मनात येते, पण संस्कृतात मंदिर म्हणजे मुळात राहण्याचे घर, आणि 'आयतन' म्हणजेही आश्रयस्थानच. म्हणजे ही सगळी नावे नाटकाला 'घर' देणारी आहेत. त्या घरात आज काय होते? एका नाट्यगृहात मी ऐन उन्हाळ्यात रात्रीच्या प्रयोगाला गेले होते. दुपारी तेथे कसलासा सत्कारसमारंभ झाला होता. तो लांबल्यामुळे नेपथ्य लावायला उशीर झाला, तिसरी घंटा पाऊण तास उशिरा झाली, आणि पहिल्या अंकात वातानुकूलन बंदच होते. व्यवस्थापकांना विचारले तर ते म्हणाले, "बाई, आम्हाला सगळे कार्यक्रम सारखेच." मला राग आला तो उकाड्याचा नव्हे, 'कार्यक्रम' या शब्दाचा आला. सत्कार हा कार्यक्रम आहे, वाद्यवृंद हाही कार्यक्रम आहे, आणि दोन्ही अवश्य व्हावेत. नाटकाचा प्रयोग हा मात्र कार्यक्रम नव्हे. त्याला आधी प्रकाश बांधावा लागतो, रंगपटात, म्हणजे रंगभूषेच्या खोलीत, तास-दीड तास द्यावा लागतो. जेथे शब्दातला फरक पुसला जातो, तेथे वेळापत्रकातलाही पुसला जातो.

जाणकारांनी भर घालावी, आणि माझे कुठे चुकत असेल तर अवश्य दाखवावे.

प्रतिसाद (ठाण्याहून):
ताई, मी रंगमंचामागे काम करतो, म्हणून आतली भाषा सांगतो. आम्ही आपसांत 'शो' म्हणतो हे खरे आहे: "आज डबल शो आहे, टेम्पो सकाळी निघेल." तो शब्द आमच्याकडे वेळेचा आणि मजुरीचा आहे. मजुरीला तर आम्ही 'नाईट' म्हणतो. प्रयोग भर दुपारी झाला तरी मिळते ती 'नाईट'च. परंतु पडदा पडल्यावर विंगेत कोणी "आजचा शो छान झाला" म्हटलेले मला आठवत नाही. तेव्हा सगळे "प्रयोग छान झाला" असेच म्हणतात. हे आम्ही ठरवून करत नाही. तुमचे लिहिणे वाचल्यावर आज प्रथमच ध्यानात आले.

प्रतिसाद (कुडाळहून):
आपला मुद्दा संहिता असलेल्या नाटकाला लागू आहे. आमच्याकडे कोकणात दशावतार या लोकनाट्यात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरते, कोण कोणते सोंग घेणार ते ठरते, आणि संवाद पात्रे उभ्या उभ्या करतात. जत्रेत लोक विचारतात, "आज कोणाचे नाटक?" त्यातला 'कोणाचे' हा लेखकाविषयी नसतो, मंडळाविषयी असतो. योजायला संहिताच नसेल, तर तेथे 'प्रयोग' कशाचा?

मूळ लेखिकेचे उत्तर:
कुडाळच्या प्रश्नाने मला दोन दिवस विचार करायला लावले, त्याबद्दल मनापासून आभार. माझी व्याख्या अपुरी होती, हे मान्य करते. मी 'लिहिलेल्या संहितेची योजना' असे लिहिले, त्यातला 'लिहिलेल्या' हा शब्द काढून टाकायला हवा. दशावतारी नट पुराणातली कथा योजतो, मृदंगाचा ठेका योजतो, समोरच्या पात्राने आयत्या वेळी टाकलेला प्रश्न योजतो. किंबहुना तेथे नाटक आणि प्रयोग यांत अंतरच राहत नाही, म्हणूनच तुमच्याकडे 'नाटक' हा एकच शब्द पुरत असावा. "कोणाचे नाटक?" या प्रश्नात करणाऱ्यांची मालकी आहे, ही मला फार मोलाची भर वाटते. आम्ही शहरातले लोक 'नाटक कोणाचे' असे विचारतो तेव्हा आधी लेखकाचे नाव सांगतो, मग दिग्दर्शकाचे, आणि दर रात्री ते उभे करणाऱ्यांचे सर्वांत शेवटी.

ठाण्याच्या मित्रांनी 'शो' आणि 'प्रयोग' यांची जी वाटणी सांगितली, तिच्या जोडीला तालमीतले शब्द ठेवून पाहावेत. अरबीतल्या शिकवण या अर्थाच्या शब्दावरून आलेली 'तालीम' पहिलवानांचीही आणि नटांचीही, कारण दोन्हीकडे घाम तोच. तालमीत नाटक 'बसवतात', बसलेले नाटक मग 'उभे राहते', वेशभूषा आणि रंगभूषेसह 'रंगीत तालीम' होते, आणि त्यानंतर जे होते ते एक तर 'रंगते' नाही तर 'पडते'. या साखळीत शेवटची कडी म्हणून 'शो' घालून पाहिला. 'शो पडला' असे म्हणता येईना. 'शो रंगला' हे कानाला जेमतेम चालते. म्हणून टेम्पोच्या वेळेसाठी आणि हिशोबाच्या वहीसाठी 'शो' राहू द्यावा. जाहिरातीत, तिकिटावर आणि नाट्यगृहाच्या दारावरच्या फलकावर मात्र 'प्रयोग' हाच शब्द असावा, अशी माझी सूचना आहे. आता त्या फलकावर प्रयोगाच्या वेळेला पुष्कळदा 'वेळ' लिहितात, तर कधी 'प्रारंभ'. जुन्या हस्तपत्रिकांमध्ये यासाठी कोणता शब्द असे, हे कोणाच्या घरी अशा पत्रिका जपलेल्या असतील तर त्यांनी पाहून कळवावे.